डाव्या हातावरचा बत्तासा

परभणी, ११ ऑक्टोबर २०२५

डॉ. राजेश्रीबाई यांस,

पत्राच्या माथ्यावर 'चि.' घालावं, 'सौ.' घालावं की काहीच घालू नये, यात चहा गार झाला. शेवटी सरकारी पत्राला घालतात तसं 'डॉ.' घातलं. फोन करत नाही. फोनवर तू रडतेस आणि मी शास्त्र सांगतो, आणि मला आता दोन्हींचा कंटाळा आलाय.

काम एवढंच. तुझी भाची भक्ती नांदेडला एमबीबीएसला लागली. शरीररचनेचं एक सर्वांगीण पुस्तक तिला हवंय, पाच वर्षं आणि पुढंही आधाराला राहील असं. त्या विषयातलं कळणारी एकच व्यक्ती माझ्या ओळखीत आहे. ती अकोल्याला प्राध्यापक आहे आणि माझी बहीण आहे. यातली पहिली गोष्ट ध्यानात घेऊन लिहितोय.

स्टेशन रोडला जीवनच्या दुकानात तीन पुस्तकं पाहिली. नावं इंग्रजी आणि लांबलचक, म्हणून मी त्यांची बारशी केली. पहिलं 'भारदस्त': परदेशी, दोन्ही हातांनी उचलावं लागतं, वाचताना मांडीवर घेतलं तर मांडीचीच रचना बदलेल. दुसरं 'त्रिखंड': देशी, तीन भागांत, परीक्षेला नेमकं तेवढंच सांगणारं. तिसरं 'चित्रमय': नुसती चित्रं, स्नायूंना असे रंग की होळी खेळून आलेत. जीवन म्हणाला, "सर, तिन्ही चांगलेत." विकणाऱ्याला सगळंच चांगलं वाटायला लागलं की मला संशय येतो.

मी तिन्ही पुस्तकांतलं एकच चित्र उघडून पाहिलं. कोणतं आणि का, हे तुला सांगायचं कारण नाही.

तुला लिहितोय हे सत्यशीलाला, तिच्या आईला, सांगू नकोस, असं भक्तीला बजावलंय. पण ती पोरगी म्हणजे डाव्या हातावरचा बत्तासा. आजीचं ते म्हणणं तू विसरली नसशील. आबा रांगत होते तेव्हा त्यांच्या डाव्या हातावर कुणी बत्तासा ठेवला की तो खाली पडायचा, उजव्यावरचा राहायचा. तेव्हापासून आपल्या घरात ज्याच्या पोटात गोष्ट राहत नाही तो डाव्या हातावरचा बत्तासा.

आणि एक स्पष्ट करतो. आबांच्या बाबतीत मी काही विचारणार नाही. आबा तुझ्याकडे पाहुणे म्हणून गेले आणि तिथंच गेले. मी अकोल्याला पोचलो तेव्हा अग्नी द्यायला देह नव्हता, तुझ्या कॉलेजचं आभारपत्र होतं. "आबांचीच इच्छा होती, दादा." वालूरच्या ज्या हाडवैद्यानं उभ्या जन्मात एक्स-रेच्या टेबलावर हात ठेवला नाही, त्यानं अख्खं शरीर तुमच्या टेबलावर देऊन टाकलं, हे मी तेव्हा मानलं नाही आणि आज मानत नाही. तू तुझ्या विषयासाठी बाप वापरलास, असं मी तेव्हा म्हणालो होतो. ते वाक्य जागच्या जागी आहे.

पुस्तकाचं नाव मात्र कळव.

दिनकर


परभणी, २७ ऑक्टोबर

डॉ. राजेश्री हिस,

पत्र पोचलं. भाऊबीजेच्या बरोबर आदल्या दिवशी. टपालखात्याला इतका मुहूर्त साधत नाही, तेव्हा तो तूच साधला असणार.

तू लिहितेस, "भारदस्तच घे, दादा. आणि पहिल्या चित्रातला माणूस तळहात पुढं करून का उभा आहे यावर अडला असशील, तर त्याच पुस्तकात हाताच्या प्रकरणातला बारीक अक्षरांतला मजकूर वाच."

मी खुर्चीतून उठलो. मी कोणतं चित्र पाहिलं, हे मी तुला लिहिलं नव्हतं. मुद्दाम लिहिलं नव्हतं. मग तुला कळलं कसं?

त्या दिवशी दुकानात काय झालं ते सांगतो. तुझ्यापर्यंत ते आधीच पोचलंय अशी मला दाट शंका आहे, पण निदान मूळ पाठ तरी तुझ्याकडे असावा. तिन्ही पुस्तकांच्या सुरुवातीला एक माणूस उभा आहे. पाय जुळलेले, मान सरळ, दोन्ही तळहात पुढं. भक्ती म्हणाली, "शरीराचं सगळं वर्णन असं उभं राहिलंय असं धरूनच करतात, बाबा." मी दुकानात तसा उभा राहून पाहिलं. जीवनचं गिऱ्हाईक बघायला लागलं. भक्ती म्हणाली, "प्रसाद मागताय का?"

मी प्रसाद मागत नव्हतो. आबांना असं उभं राहता आलं असतं का, ते बघत होतो. नसतं आलं. त्यांचा डावा तळहात कधी उताणा झालाच नाही. ओंजळ म्हणून त्यांना माहीत नव्हती. देवाला पाणी घालायचं ते उजव्या हातानं, डावा आपला पालथा, बाजूला. सात-आठ वर्षांचे असताना चिंचेवरून पडले, आज्जानं हात बसवला, आणि तो तसाच राहिला. आज्जा त्या मुलखातला नावाजलेला हाडवैद्य. अख्खं वालूर म्हणालं, पोटच्या पोराचा हात घालवला. आज्जानं परत कुणाच्या हाडाला हात लावला नाही. पुढं तोच धंदा आबांनी धरला. का धरला ते कधी बोलले नाहीत.

म्हणजे शरीरशास्त्राच्या पहिल्याच पानावर आबा बाद झाले. तरी तुम्ही त्यांना घेतलंत.

मीही सगळं शास्त्राप्रमाणे केलं होतं म्हणा. देह मिळाला नाही तर पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, डोक्याला किती देठ, छातीला किती, हातांना किती, हे आपल्याकडे लिहून ठेवलंय. हात वळत नसेल तर काय, हे नाही लिहिलेलं. तेव्हा मी दोन्ही तळहात उताणे ठेवले. गुरुजी म्हणाले, सुरेख झालाय.

असो. आता चौकशी. दुकानात ओळखीचे असे आम्ही तिघंच होतो. जीवन तुला ओळखत नाही, मी स्वतःला फितूर झालेलो नाही. उरली भक्ती. तिला फोनवर विचारलं, "आत्याशी बोलतेस?" ती म्हणाली, "कोणती आत्या?" तिला एकच आत्या आहे, राजेश्री. इतकं वाईट खोटं बोलणारी मुलगी डॉक्टर होऊन रोग्यांना धीर कसा देणार, ही मला काळजी आहे.

दि.


परभणी, ९ नोव्हेंबर

राजेश्रीस,

तुला कदाचित वाटत असेल की मी वर्गात संस्कृतची धातुरूपं चालवतो म्हणजे घरातलं मला काही कळत नाही. तर हे वाच.

एक. मी जीवनकडे गेलो, म्हटलं, भारदस्त नको, त्रिखंड दे. तू सुचवलंस म्हणूनच भारदस्त नको होतं, हे मी लपवत नाही. जीवन म्हणाला, "पण सर, मोठ्याची नवी आवृत्ती तर मॅडमनी सांगूनच ठेवलीय. मुंबईहून निघालीय." मी विचारलं, कोणत्या मॅडम? तो म्हणाला, "आपल्या घरच्या." सत्यशीला! जिनं लग्नानंतर पंचांगाशिवाय एक पुस्तक विकत घेतलेलं नाही.

दोन. सत्यशीला महिन्या-दोन महिन्यांनी पूर्ण्याला मावसबहिणीकडे जाते. मावसबहीण पूर्ण्याला आहे हे खरं. पण परवा तीच मावसबहीण बाजारात भेटली आणि म्हणाली, "सत्यशीलाताई आमच्याकडं यायचंच विसरल्या, भावजी." अकोल्याची गाडी पूर्ण्याला येते, नांदेडची गाडीही पूर्ण्याला थांबते. संधी होताना स्वर कुठं मिळतात ते मी रोज शिकवतो. रेल्वेचं जंक्शन तेच काम करतं, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

तीन. लोणचं. गुरुवारी ताटात लिंबाचं लोणचं आलं. गूळ नाही, भाजलेली मेथी, आणि फोडीला सालीकडून चीर. मी दोन फोडी खाल्ल्या, तिसरी उचलली आणि हात थांबला. हे आईचं लोणचं होतं. आई गेल्यावर हे जगात एकाच बाईला येतं, आणि ती बाई अकोल्याला मुलांना हाडं शिकवते.

तिसरी फोड खाल्ली. पुरावा नष्ट करू नये हे खरं, पण ताटात टाकूनही देऊ नये.

म्हणजे माझी बायको, माझी मुलगी आणि तू, तिघी पूर्ण्याच्या फलाटावर जमता आणि मी इथं एकटा तुझ्याशी अबोला धरून बसलोय. अबोला एकट्यानं धरायचा असेल तर निदान कळवायचं तरी. नुसत्या लोणच्यासाठी कुणी इतकं लपवत नाही. यामागं काहीतरी आहे आणि ते आबांचंच आहे.

रविवार आहे. सत्यशीला भाजी निवडायला बसलीय. विचारायला जातोय.

दिनकर


परभणी, १६ नोव्हेंबर

राजेश्री,

विचारलं. आठवडाभर लिहू शकलो नाही. झालं ते झालं तसं देतो.

मी म्हणालो, "लोणचं कुणाचं आहे?"

ती मेथीची पानं खुडत म्हणाली, "खाताना विचारलं न्हाई. आता कशाला?"

"पूर्ण्याला कोण येतं?"

"वन्सं येतात."

"केव्हापासून?"

"आबा गेले तवापासून."

मी मोठ्यानं काहीतरी बोललो. विश्वासघात असा एक शब्द त्यात होता एवढं आठवतं. तिनं निवडलेली मेथी एका बाजूला सारली आणि म्हणाली, "वन्संवर नका ओरडू. आबांना अकोल्याला देहदानाची सही करायला मी घेऊन गेले होते."

राजी, मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. ती सांगत होती आणि मेथी खुडत होती. आबा इथं राहायला आले होते त्या वर्षी, मोतीबिंदू दाखवायला जातो म्हणून दोघं बाहेर पडली. मला तसंच सांगितलं होतं. त्यानंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी झालंच नाही, आणि हे इतकी वर्षं माझ्या ध्यानात आलं नाही. मी स्वतःला संशयी समजतो.

आबा तिला गाडीत काय म्हणाले, तेही तिनं सांगितलं. त्यांच्याच आवाजात सांगते ती, मला ते ऐकवत नव्हतं.

"सत्यशीला, ह्या हाताचं खरं काय हाय ते मला जित्तेपनी बघायचं न्हाई. फोटू काडला आन् बापानंच बिघडवला आसं निगालं, तर मी त्याला माज्या डोळ्यानं गुन्हेगार करू व्हय? पन कळाया पायजे. मी मेल्यावर उघडून बघा म्हनावं. राजी म्हनती, पोरं शिकत्यात त्याच्यावर. शिकू द्या की. दिनकरला सांगू नगं. त्यो मला संस्कृतात आडवील."

मी आडवलं असतं. याबद्दल आबांची माहिती बिनचूक होती.

मी सत्यशीलाला विचारलं, "आणि मी राजीला इतकं बोललो, तेव्हा तू गप्प का बसलीस?" ती म्हणाली, "मी बोलणारच होते. वन्संनीच हात धरला. म्हणाल्या, वहिनी, दादा माझ्याशी भांडला तर अकोला लांब आहे. तुमच्याशी भांडला तर घर एकच आहे."

हे तू म्हणालीस?

उत्तर देऊ नकोस. दुसरं काहीतरी विचारतोय, त्याचं दे. आबांनी प्रश्न ठेवला होता. त्या हातात काय सापडलं? आज्जानं तो बिघडवला होता का नव्हता?

आणि माझं समाधान करू नकोस. समाधानासाठी खोटं बोलायची तुला लहानपणापासून सवय आहे. मी आठवीत गणितात नापास झालो तेव्हा निकाल अजून लागायचाय असं तू अख्ख्या वालूरला सांगितलं होतंस. म्हणून सांगतो, तुझं एकटीचं म्हणणं मी प्रमाण धरणार नाही. आबांना न ओळखणाऱ्या, तुला न ओळखणाऱ्या कुणीतरी ते लिहिलेलं हवं. भक्तीला सर्वांगीण पुस्तक कशाला लागतं हे मला माहीत नाही. मला कशाला लागतंय ते आता कळलं.

दादा


परभणी, ७ डिसेंबर

राजी,

तुझं पत्र आलं. एवढंसं पत्र. पुस्तकं दोन हातांनी उचलावी लागणाऱ्या विषयातल्या बाईनं इतकं थोडं लिहावं याचं नवल वाटलं.

"दादा, त्या दिवशी मी विच्छेदनाच्या हॉलमध्ये गेले नाही. माझ्या सहकाऱ्यांनी काम केलं, आणि मग मला बोलावून बाकी सगळं झाकून फक्त डावा हात दाखवला. कोपराखाली दोन्ही हाडं एकमेकांना जुळलेली होती, जन्मापासूनची. मोडल्याची खूण कुठंही नाही. हाड मोडलंच नव्हतं. आज्जानं काही बिघडवलं नव्हतं. बिघडवायला तिथं काही नव्हतंच."

वाचलं आणि पहिला विचार हाच आला की हे फारच सोयीचं आहे. आज्जा सुटला, आबा सुटले, तूही सुटलीस. एका वाक्यात तीन माणसं सुटतात तेव्हा मी ते वाक्य परत वाचतो.

मग पुस्तकांकडं गेलो. त्रिखंडात हात आहे, पण तो परीक्षेला येणारा हात. चित्रमयात हाताची कितीतरी चित्रं, एकही आबांचं नाही. भारदस्त तोवर येऊन पोचलं होतं, त्यावर मात्र माझा विश्वास नव्हता, कारण ते तू सांगितलेलं आणि सत्यशीलानं मागवलेलं. बायका एकत्र आल्यावर पुस्तकही छापून घेतील. हसू नकोस, मला खरंच तसं वाटलं. तेव्हा नांदेड गाठलं. म्हटलं, भक्तीच्या कॉलेजच्या ग्रंथालयात त्याच पुस्तकाची जुनी आवृत्ती असेल, तिला तुम्हा दोघींचा हात लागलेला नसेल.

होती. पाठ निघालेली, कुणीतरी चिकटपट्टी लावलेली. हाताचं प्रकरण, बारीक अक्षरं. भक्तीनं बोट ठेवून इंग्रजी वाचलं आणि मराठीत सांगितलं: क्वचित ही दोन हाडं जन्मतःच वरच्या टोकाला जुळलेली असतात, तळहात उताणा होत नाही, आणि पुष्कळदा हे एखाद्या पडण्यानंतरच घरच्यांच्या लक्षात येतं.

दोन-अडीच ओळी. तेवढ्यात आबांचं सगळं आयुष्य आणि आज्जाची बेअब्रू मावली होती.

तरी माझं मन म्हणे, पुस्तकातला हात कुणा एकाचा, आबांचा कशावरून? पुस्तक म्हणतं, असं असतं. आबांचं असंच होतं हे कोण म्हणतं? तू. आणि तू तर समाधान करणारी.

एवढ्यात भक्तीनं मोबाइल काढला. मी म्हणालो, "कुणाला?"

"आत्याला. तुम्ही वाचलं म्हणून सांगते."

"इथून बाहेर तरी पडू दे. तू म्हणजे ना, अगदी डाव्या हातावरचा—"

आणि मी थांबलो. ग्रंथपाल चष्म्यावरून बघायला लागले. भक्ती म्हणाली, "बाबा? काय झालं?"

राजी, आबा रांगत होते. चिंच अजून कितीतरी वर्षं लांब होती. आजीनं हजार वेळा सांगितलं, आपण हजार वेळा हसलो, आणि तो बत्तासा का पडायचा हे कुणी विचारलं नाही. रांगणाऱ्या पोराचा तळहात उताणा होत नव्हता, म्हणून पडायचा. आज्जाच्या निर्दोषपणाची साक्ष आपल्या घरात रोज तोंडी होती, आणि आपण ती चुगलखोरांना चिडवायला वापरली.

आता तुझं पत्र प्रमाण आहे. आजीनं त्याला दुजोरा दिला.

परवा वालूरला जाऊन आलो. पारावर वैजीनाथकाका होते. आज्जानं हात घालवला, हे सांगणारं माणूस आता तेवढं एकच उरलंय. मी त्यांना सगळं सांगितलं. हाडाचं सांगितलं, मग बत्ताशाचं. त्यांनी बिडी काढून हातात फिरवली.

"पुस्तकात लिव्हलंय?"

"लिव्हलंय, काका."

"जलमल्यापून?"

"जलमल्यापून."

"मंग आमी तुज्या आज्ज्याला उगंच..." बिडी पेटवलीच नाही. मग म्हणाले, "आबा मोप नशीबवान. पोरीनं सांगिटल्यालं केलं."

येताना एसटीत पळसाच्या त्या पुतळ्याचा विचार करत होतो. दोन्ही तळहात उताणे, गुरुजी सुरेख म्हणाले होते. ते आबा नव्हतेच. मी शास्त्राप्रमाणे भलत्याच माणसाला अग्नी दिला. आबा तुझ्याकडं होते, जिथं त्यांना जायचं होतं तिथं, आणि त्यांना हवं होतं ते उत्तर घेऊनच संपले.

पहिल्या पत्रातलं एक वाक्य जागच्या जागी आहे असं मी लिहिलं होतं. ते तिथून काढलंय. त्याच्या जागी काही लिहिलेलं नाही. लिहायला बसलो की सगळे शब्द संस्कृत येतात आणि ते मी वर्गासाठी ठेवलेत.

भक्तीसाठी भारदस्तच ठेवलंय. पहिल्या चित्रापाशी तिनं पेन्सिलीनं बारीक अक्षरात 'आबा सोडून' असं लिहिलंय. पुस्तक खराब केलंस म्हणून मी रागावणार होतो. राहून गेलं.

आता व्यवहाराचं. यापुढं पूर्ण्याला थांबायचं नाही. तिथं गाडी बदल आणि परभणीला ये. स्टेशनवर मी असेन, तळहात पुढं करून उभा, म्हणजे ओळखायला सोपं जाईल. भक्तीनं हे सगळं तुला आधीच कळवलं असणार याबद्दल माझ्या मनात जराही संशय नाही.

लोणचं संपलंय. मोठी बरणी आण.

दादा